सोन्चिनो ते व्हेनिस: तल्मूदच्या पानाच्या मागावर

तल्मूद हा ज्यूंच्या धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथसंच. त्याची कुठलीही प्रत घ्या, जेरुसलेमची असो की न्यूयॉर्कची, पानाची मांडणी एकच. मध्यभागी ठसठशीत चौकोनी अक्षरांत मिश्ना (मूळ नियम) आणि गेमारा (त्यांवरची चर्चा). शिवणीच्या बाजूला अकराव्या शतकातल्या राशीचं भाष्य. बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे राशीच्या नंतरच्या पिढ्यांतल्या फ्रेंच आणि जर्मन रब्बींनी काढलेल्या शंका आणि त्यांची उत्तरं. समासात बारीक टाइपातले संदर्भ. आपल्याकडच्या त्रिपाठी पोथ्या (मध्ये मूळ, वर-खाली टीका) ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना हे पान पाहताक्षणी ओळखीचं वाटेल. ही मांडणी कुठल्या धर्मपीठाने ठरवून दिलेली नाही. उत्तर इटलीतल्या छापखान्यांत, साधारण १४८० ते १५५० या काळात, जुळाऱ्यांनी आणि मुद्रितशोधकांनी ती बसवली. ही सगळी गावं रेल्वेने आणि थोड्या बसप्रवासाने एका आठवड्यात होतात.

वाराचं गणित आधी सोडवावं. ज्यू संग्रहालयं आणि सिनेगॉग शनिवारी बंद असतात आणि शुक्रवारी दुपारनंतर आवरतं घेतात. इटलीतली सरकारी आणि नगरपालिकेची बरीच संग्रहालयं सोमवारी बंद. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोश हशाना (ज्यू नववर्ष) ते सिम्हात तोरा असे तीनेक आठवडे सण चालतात, वसंतात वल्हांडणाचे आठ दिवस, म्हणून त्या तारखा पंचांगात पाहून टाळाव्यात. सुरुवात मिलानहून रविवारी केली की बाकीचे वार आपोआप जागेवर बसतात.

रविवार: सोन्चिनो

क्रेमोना प्रांतातलं हे तटबंदीचं छोटं गाव. क्रेमा किंवा क्रेमोनाहून बस आहे, पण रविवारी तिच्या भरवशावर राहू नये. गाडी ठरवलेली बरी. स्फोर्झांचा किल्ला पाहायला सगळेच येतात. तिथून चालत थोड्याच अंतरावर, एका जुन्या उंच घरात, मुद्रणाचं संग्रहालय आहे. ज्यू मुद्रकांचं घर ते हेच, अशी गावाची परंपरा आहे.

हे सोन्चिनो कुटुंब मूळचं जर्मनीतल्या श्पायरचं. इस्राएल नाथान या वैद्याच्या प्रोत्साहनाने त्याचा मुलगा यहोशुआ श्लोमो याने इथे छापखाना घातला आणि पहिला ग्रंथ काढला तो तल्मूदचा ‘बेराखोत’ खंड. पुष्पिकेत, म्हणजे शेवटच्या नोंदीत, तारीख आहे २० तेवेत ५२४४. हिब्रू ग्रंथांचं साल काढायची रीत इथेच पक्की करून घ्यावी, पुढे आठवडाभर लागते. छापील सालात हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो, म्हणजे नुसते २४४. त्यात १२४० मिळवले की इसवी सन येतो: १४८४. पण हिब्रू वर्ष शरद ऋतूत सुरू होतं. पुस्तक सप्टेंबर ते डिसेंबरच्या दरम्यान पुरं झालं असेल तर एक वजा करायचा. तेवेत महिन्याची ती तारीख डिसेंबरात पडत होती, म्हणून ‘बेराखोत’ १४८३चं. सूचीकारांत एका वर्षाचा फरक दिसला की निम्म्या वेळा कारण हेच असतं. दुसरी अडचण अशी की साल आकड्यात न देता बायबलमधल्या एखाद्या वचनात दडवलेलं असतं. ज्या अक्षरांवर टिंब किंवा चिन्ह आहे, किंवा जी मोठ्या टाइपात आहेत, तेवढ्यांचीच किंमत मोजायची: रेश २००, पे ८०, दालेत ४, असं. झिजलेल्या पानावर एखादं टिंब उडालेलं असलं की साल चुकलंच.

संग्रहालयात जुन्या पद्धतीच्या दाबयंत्रावर पान छापून दाखवतात. ते बघताना लक्ष खिळ्यांच्या जुळणीवर ठेवावं. हिब्रूत ओळ संपताना शब्द तोडून पुढच्या ओळीत नेत नाहीत. मग डाव्या समासाची कड सरळ कशी राखायची? त्यासाठी आलेफ, हे, लामेद, ताव आणि अंत्य मेम या अक्षरांचे रुंद खिळे वेगळे पाडलेले असत. ओळ थोडी तोकडी पडली की त्यातला एखादा घालायचा. तेवढ्यानेही भागलं नाही तर पुढच्या ओळीतल्या शब्दाची पहिली एकदोन अक्षरं भर म्हणून छापायची आणि पुढच्या ओळीत तो शब्द पुन्हा अख्खा घ्यायचा. नवख्या वाचकाला ती छपाईची चूक वाटते.

स्वरचिन्हं आली की काम तिप्पट होतं. नुसत्या व्यंजनांची एक ओळ पुरते, पण बायबलमध्ये अक्षराखाली स्वर आणि वर-खाली पठणाच्या खुणा. एवढं सगळं सांभाळून १४८८मध्ये याच गावात सबंध हिब्रू बायबल स्वर आणि पठणखुणांसह पहिल्यांदा छापलं गेलं. तल्मूदला स्वर नसतात, म्हणून ‘बेराखोत’ तुलनेने सोपं. तिथली खरी कसोटी वेगळी होती: मूळ मजकूर आणि दोन भाष्यं एकाच पानावर बरोबरीने चालवायची. राशी आत, तोसाफोत बाहेर, ही जागा सोन्चिनोंनीच नेमून दिली.

यहोशुआचा पुतण्या गेर्शोम सोन्चिनो या घराण्यातला सगळ्यात फिरता. ब्रेशिया, फानो, पेझारो, रिमिनी, आणि शेवटी इटलीच सोडून सालोनिका आणि इस्तंबूल. १४९४मध्ये ब्रेशियात त्याने हाताच्या आकाराचं बायबल काढलं. मार्टिन लूथरने वापरलेली प्रत याच आवृत्तीची.

सोमवार: क्रेमोना आणि मांतोव्हा

सोमवारी संग्रहालयं बंद, म्हणून हा दिवस पायी फिरण्याचा. क्रेमोनाला लोक व्हायोलिनसाठी येतात. ग्रंथांच्या इतिहासात ते दोन गोष्टींसाठी येतं आणि दोन्ही १५५९च्या आसपासच्या. त्या वर्षी इथे हिब्रू पुस्तकांची होळी झाली. तेव्हाच्या वृत्तान्तांत दहा-बारा हजार प्रती असा आकडा येतो. आणि त्याच सुमाराला इथे विन्चेन्झो कोन्तीच्या छापखान्यात ‘झोहर’ छापला जात होता. मांतोव्हातही तेव्हाच त्याची वेगळी आवृत्ती चालू होती, १५५८ ते १५६०. क्रेमोनाची प्रत मोठ्या आकाराची आणि एकाच जाड खंडात, तर मांतोव्हाची लहान आकाराची आणि तीन खंडांत. पुढे संदर्भ देण्यासाठी मांतोव्हाचेच पृष्ठांक रूढ झाले. त्यामुळे आजही ‘झोहर, भाग दोन, पान अमुक’ असा उल्लेख आला की तो मांतोव्हाच्या मांडणीतला असतो. हा गूढविद्येचा ग्रंथ छापून सगळ्यांच्या हाती द्यावा की नाही, यावर इटलीतल्या रब्बींमध्ये जोरदार वाद झाला. इसाक दे लात्तेस यांनी छापण्याच्या बाजूने निर्णय लिहून दिला.

क्रेमोनाहून मांतोव्हा थेट गाडीने तासाभराच्या आत-बाहेर. इथला हिब्रू छापखाना सोन्चिनोच्याही आधीचा, १४७०च्या दशकातला. वैद्य आणि लेखनिक अब्राहाम कोनात तो चालवत असे. त्यातल्या एका नीतिपर काव्याच्या पुष्पिकेत त्याची बायको एस्तेलिना सांगते की हा ग्रंथ तिने केला, तारास्कोंच्या याकोब लेव्ही नावाच्या तरुणाच्या मदतीने. मुद्रणाच्या इतिहासात नावानिशी सापडणारी पहिली स्त्री ती हीच. व्हिया गोव्हीवरच्या नोर्सा सिनेगॉगसाठी आधी पत्र टाकून वेळ घ्यावी लागते. आयत्या वेळी दार वाजवून उपयोग होत नाही.

मंगळवार: सब्बिओनेता

मांतोव्हा-पार्मा वाटेवरचं हे आखीव गाव दोन तासांत पाहून होतं. बस मोजक्या, परतीची वेळ उतरतानाच टिपून घ्यावी. एकोणिसाव्या शतकातलं सिनेगॉग नीट जपलेलं आहे. आपलं काम तोबिया फोआच्या छापखान्याशी, १५५१ ते १५५९. त्या काळात व्हेनिसमधली हिब्रू छपाई ठप्प झाली होती, कारण शनिवारी येईल. तिथले कसलेले हात इकडे आले. तल्मूद छापण्यावर बंदी आली तेव्हा फोआने १५५४-५५मध्ये आल्फासीचा ग्रंथ काढला. अकराव्या शतकातल्या या रब्बींनी तल्मूदमधला वादविवाद गाळून निर्णयाचा भाग तेवढा राखला होता. त्याला तल्मूद म्हणता येत नव्हतं, पण पाठशाळेत त्यावर काम चालायचं. दुसरी पळवाट ‘एन याकोव्ह’ची. तल्मूदमधल्या कथांचा हा संग्रह नाव बदलून ‘एन यिस्राएल’ म्हणून छापला गेला. इटलीतल्या पुढच्या दोनशे वर्षांच्या अभ्यासावर या पर्यायी पुस्तकांची छाप राहिली.

बुधवार: पार्मा

सगळ्या प्रवासातला हा सर्वांत महत्त्वाचा मुक्काम, आणि बरेच जण नेमका हाच वगळतात. पिलोत्ता राजवाड्यातल्या पालातिना ग्रंथालयात जोव्हान्नी बेर्नार्दो दे रोस्सी यांचा संग्रह आहे. दे रोस्सी ख्रिस्ती धर्मगुरू, पार्मात प्राच्यभाषांचे प्राध्यापक. त्यांनी आयुष्यभर हिब्रू हस्तलिखितं गोळा केली. १८१६मध्ये पार्माची डचेस मारी लुईज हिने हा संग्रह विकत घेतला. ग्रंथालयात आज हिब्रू हस्तलिखितांची संख्या सोळाशेच्या घरात आहे.

दोन गोष्टी माहीत असाव्यात. एक, मिश्नाचं प्रसिद्ध पार्मा हस्तलिखित, अकराव्या शतकातलं. अभ्यासक त्याला ‘दे रोस्सी १३८’ म्हणतात, ग्रंथालयाचा क्रमांक मात्र ‘पार्म. ३१७३’. इथल्या प्रत्येक हस्तलिखिताला असे दोन क्रमांक आहेत आणि ते जुळत नाहीत. मागणीपत्रात दे रोस्सींचा क्रमांक लिहिला तर भलतीच पोथी समोर येते. दोन, राशीचं तोराभाष्य (तोरा म्हणजे बायबलचे पहिले पाच ग्रंथ), रेज्जो दि कालाब्रिया, फेब्रुवारी १४७५. तारीख छापलेलं हे पहिलं हिब्रू पुस्तक, आणि जगात उरलेली त्याची एकमेव प्रत इथे आहे, तीही अपुरी. दे रोस्सींना आणखी एक प्रत मिळाली होती, ती पो नदीत बुडाली असं सांगतात.

या रेज्जोच्या पुस्तकात अब्राहाम बेन गार्तोनने जे अर्धधावतं वळण वापरलं त्यालाच पुढे ‘राशी लिपी’ हे नाव पडलं. राशी स्वतः असं लिहीत नसत. ते फ्रान्सचे, आणि हे वळण स्पेनकडच्या लेखनिकांचं. मुद्रकांना फायदा दिसला तो असा की या वळणाचे खिळे अरुंद, त्यामुळे भाष्य कमी जागेत मावतं आणि मूळ मजकुरापासून डोळ्यांना वेगळंही दिसतं. शिकणाऱ्याची फसगत ठरलेली असते: आलेफ चौकोनी लिपीतल्यापेक्षा अगदीच वेगळा, समेख आणि अंत्य मेम जवळजवळ सारखे, बेत आणि काफ तर वाकड्या नजरेने पाहावे लागतात. आठवडाभर आधीपासून रोज अर्धं पान मोठ्याने वाचावं, तेवढी सवय पुरते.

वाचनकक्षासाठी पासपोर्ट आणि आधी पाठवलेला ईमेल लागतो. शाईचं पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी. दुर्मिळ पोथी केवळ कुतूहलापोटी बाहेर काढत नाहीत, आणि ते योग्यच आहे. इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘क्तिव’ या संकेतस्थळावर इथल्या हस्तलिखितांच्या प्रतिमा आहेत. त्या घरी पाहून, चर्मपत्राची शिवण, आखणी, शाईची खपली अशा प्रतिमेत न कळणाऱ्या गोष्टींपुरती मागणी करावी.

संध्याकाळच्या गाडीने बोलोन्या.

गुरुवार: बोलोन्या, दुपारनंतर फेर्रारा

बोलोन्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातली तोराची एक गुंडाळी १८८९च्या सूचीत सतराव्या शतकातली म्हणून नोंदली गेली आणि सव्वाशे वर्षं तशीच पडून राहिली. २०१३मध्ये प्राध्यापक माउरो पेरानी यांना तिचं वळण फार जुनं वाटलं. कार्बन चाचणीने काळ निघाला ११५५ ते १२२५. सबंध तोरा असलेली ही सर्वांत जुनी गुंडाळी. मऊ मेंढीचं कातडं, लांबी ३६ मीटर, उंची ६४ सेंटिमीटर. कार्बनच्या आधी संशय आला तो अक्षरांवरून. काही अक्षरांची रूपं आणि खास मांडणी अशी आहे की ती माइमोनिदीस या बाराव्या शतकातल्या धर्मशास्त्रज्ञानंतरच्या, म्हणजे तेराव्या शतकापासून घट्ट झालेल्या, लेखननियमांत बसतच नाहीत. मूळ गुंडाळी नेहमी मांडलेली नसते, ती पाहायला मिळेल असं धरून येऊ नये.

ते नियम काय आहेत हे कळलं तर हा शोध नीट समजतो. सिनेगॉगात वाचायची तोरा छापलेली चालत नाही. शुद्ध प्राण्याच्या चर्मपत्रावर, पिसाने किंवा बोरूने, हातानेच लिहिलेली हवी. ओळी आधी बोथट टोकाने कोरून आखतात आणि अक्षर त्या रेघेला वरून टांगल्यासारखं लिहितात. आज रूढ पद्धत स्तंभाला ४२ ओळींची. एकूण अक्षरं ३,०४,८०५. लेखनिकाने पाठ असलं तरी समोरच्या प्रतीवरूनच लिहायचं, आणि प्रत्येक शब्द लिहिण्याआधी तोंडाने उच्चारायचा. तुकडे जोडायचे ते प्राण्याच्या स्नायूच्या दोऱ्याने. एक अक्षर सुटलं, दोन अक्षरं एकमेकांना चिकटली, किंवा यूदचा ठिपका इतका लांबला की वाव वाटावा, तर गुंडाळी वाचनाला निकामी. चूक खरवडून दुरुस्त करता येते, पण देवाच्या नावात चूक झाली तर ते नाव पुसता येत नाही. तो संपूर्ण तुकडा काढून पुरतात आणि नवा लिहितात. वाचन चालू असताना चूक सापडली तर गुंडाळी तिथेच बंद करून दुसरी काढतात. छपाई आली तेव्हा तोराची गुंडाळी या नियमांमुळे बाजूला राहिली. छापखान्यांकडे आलं ते अभ्यासाचं पुस्तक.

याच शहरात जानेवारी १४८२मध्ये अब्राहाम बेन हयीमने तोराचे पाच ग्रंथ छापले. स्वर, पठणखुणा, बाजूला ओन्केलोसचा आरामी अनुवाद, वर-खाली राशी. मूळ मजकुराभोवती भाष्य फिरवायची ही पद्धत पुढे तल्मूदसाठी पायाभूत ठरली. जुन्या ज्यू वस्तीतल्या व्हिया देल्लिन्फेर्नोसारख्या गल्ल्या अरुंद आहेत आणि फिरायला छान. मध्ययुगीन संग्रहालयातल्या ज्यू थडग्यांच्या शिळा चुकवू नयेत. १५६९मध्ये ज्यूंना पोपच्या राज्यातल्या इतर गावांबरोबर इथून हाकललं आणि त्यांच्या स्मशानातले दगड ख्रिस्ती कबरींसाठी उलटून वापरले गेले.

फेर्रारा अर्ध्या-पाऊण तासावर. व्हिया पियांजिपानेवरच्या जुन्या तुरुंगात डिसेंबर २०१७पासून इटालियन ज्यू इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. माहितीफलक चांगले, मूळ वस्तू कमी, दीड तास पुरे. व्हिया मात्सीनीवरच्या सिनेगॉगांना २०१२च्या भूकंपात तडे गेले होते, तिथे काय उघडं आहे ते त्या त्या वेळी विचारावं. व्हिया विन्यातालियातावर इसाक लाम्प्रोन्ती या वैद्य-रब्बीच्या घराला पाटी आहे. त्यांचा अकारविल्हे धर्मशास्त्रकोश १७५०मध्ये छापायला घेतला, तो पुरा व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

फेर्रारात १५५३मध्ये अब्राहाम उस्केने बायबल छापलं, हिब्रू वाक्यरचनेला शब्दशः धरून चालणाऱ्या स्पॅनिशमध्ये आणि रोमन लिपीत. पोर्तुगालहून जीव वाचवून आलेल्या, हिब्रू विसरलेल्या ज्यूंसाठी. काही प्रती ड्यूक एर्कोलेला अर्पण, काही दोन्या ग्रासिया नासीला. यशया ७:१४ या वचनात कुमारी की तरुणी हा ख्रिस्ती-ज्यू वाद जुना. इथल्या प्रतींत त्या जागी कुठे ‘व्हिर्जेन’, कुठे ‘मोसा’, तर कुठे मूळ हिब्रू शब्द ‘आल्मा’ तसाच ठेवलेला. प्रत हाती आली की ग्रंथविक्रेता आधी ते पान उघडतो.

पुढच्याच वर्षी, २१ जून १५५४ला, इटलीतल्या ज्यू समाजांचे प्रतिनिधी याच गावात जमले आणि ठराव केला: तीन रब्बींची आणि समाजाच्या प्रमुखांची लेखी संमती असल्याशिवाय नवं पुस्तक छापायचं नाही. ज्यू ग्रंथांच्या सुरुवातीला आजही छापतात त्या रब्बींच्या संमतिपत्रांमागे हा ठराव आहे. ज्या आगीतून तो निघाला तिची गोष्ट व्हेनिसला पोचल्यावर.

शुक्रवार: पादुआ

व्हेनिसच्या वाटेवर दुपारपर्यंत थांबावं. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे उशीर नको. व्हिया वील इथल्या जुन्या स्मशानाची किल्ली ज्यू समाजाकडे असते, आधी ठरवून जावं लागतं. पुरुषांनी डोकं झाकायचं. थडग्यावर फुलं वाहत नाहीत, लहानसा खडा ठेवतात. इथे रब्बी मेईर कात्सेनेलेनबोगन आहेत, ‘पादुआचे महाराम’, मृत्यू १५६५. माइमोनिदीसच्या ‘मिश्ने तोरा’ या प्रचंड धर्मसंहितेवर त्यांनी टिपणं लिहिली आणि ती छापण्यासाठी १५५०मध्ये व्हेनिसच्या आल्विझे ब्रागादीनशी भागीदारी केली. पुढचा सगळा अनर्थ या एका पुस्तकातून झाला.

शनिवार: व्हेनिस, रियाल्तो आणि सान मार्को

गेत्तोतलं, म्हणजे जुन्या बंदिस्त ज्यू वस्तीतलं, सगळं आज बंद, म्हणून छापखान्यांचं शहर पाहायचं. ज्यूंना व्हेनिसमध्ये स्वतःचा छापखाना काढायची मुभा नव्हती. मालक ख्रिस्ती, संपादक आणि मुद्रितशोधक ज्यू किंवा धर्मांतरित ज्यू, दाबयंत्र ओढणारे बहुधा ख्रिस्ती मजूर. यांत सर्वांत मोठा डॅनिएल बोंबेर्ग, अँटवर्पचा व्यापारी. त्याने सुमारे २०० हिब्रू पुस्तकं काढली. आपल्या चार ज्यू कारागिरांना सक्तीच्या पिवळ्या टोपीऐवजी काळी टोपी घालू द्यावी, असा अर्जही त्याने सरकारकडे केला. त्याचा संपूर्ण बाबिलोनी तल्मूद १५२० ते १५२३मधला. भाष्यांसहित बायबलची दुसरी आवृत्ती १५२४-२५मधली, याकोब बेन हयीमने संपादलेली. तिचा पाठ पुढे चारशे वर्षं प्रमाण राहिला.

सोन्चिनोंची मांडणी बोंबेर्गने उचलली, गेर्शोमची तक्रारही तीच होती. बोंबेर्गने जे नवं केलं ते पृष्ठांकन. पानाला नव्हे, पत्राला अंक: एक पत्र म्हणजे ‘दाफ’, त्याच्या दोन बाजू ‘अमुद’. मुखपृष्ठाचं पत्र पहिलं धरलं, म्हणून प्रत्येक खंडाचा मजकूर दोनपासून सुरू होतो. जुळाऱ्यापुढचा पेच असा: प्रत्येक बाजूला तिन्ही मजकूर जोडीने संपले पाहिजेत, आणि तोसाफोत कुठे चार ओळी तर कुठे चारशे शब्द. तोसाफोत फुगले की मधला मजकूर आक्रसतो. काही पानांवर गेमाराच्या दोन-तीनच ओळी उरतात. पत्र मग वाक्याच्या मध्यावरच तुटतं. पण संदर्भ एकदा या पत्रांकांनी दिले जाऊ लागल्यावर पुढच्या प्रत्येक मुद्रकाला ती तूट जशीच्या तशी राखावी लागली. समासातले संदर्भ बोंबेर्गचे नाहीत. ते यहोशुआ बोआझने जुस्तिनियानीच्या १५४६पासूनच्या आवृत्तीसाठी तयार केले.

हा मार्कान्तोनिओ जुस्तिनियानी रियाल्तोजवळच्या काल्ले देई चिन्क्वे इथे होता, मुद्राचिन्ह मंदिराचं. ब्रागादीनचं चिन्ह तीन मुकुट. महारामांचं ‘मिश्ने तोरा’ ब्रागादीनने काढताच जुस्तिनियानीने तोच ग्रंथ स्वस्तात बाजारात आणला, वर महारामांच्या टिपणांची टर उडवली. महारामांनी क्राकूवच्या तरुण रब्बी मोशे इसर्लेस यांच्याकडे दाद मागितली. त्यांनी निर्णय दिला की जुस्तिनियानीची प्रत कुणी घेऊ नये. छपाईच्या हक्काबद्दलचे जे अगदी सुरुवातीचे ज्यू धर्मशास्त्रातले निर्णय आहेत त्यांत हा येतो. जुस्तिनियानी रोमला गेला. दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या पुस्तकांत ख्रिस्ती धर्माची निंदा असल्याच्या तक्रारी केल्या, त्यासाठी धर्मांतरित ज्यू हाताशी धरले. इतरही कारणं होती, प्रोटेस्टंटांविरुद्धच्या कॅथलिक प्रतिसुधारणेचा काळ होता, पण तल्मूदवर बोट ठेवायला निमित्त मिळालं. ९ सप्टेंबर १५५३ला, रोश हशानाच्या दिवशी, रोमच्या काम्पो देई फिओरीत तल्मूद जाळला. व्हेनिसमध्ये सान मार्को चौकात २१ ऑक्टोबरला, शनिवारी. ज्या शहराने तल्मूदचं पान घडवलं तिथे त्यानंतर तल्मूद छापला गेला नाही. बोंबेर्गच्या पूर्ण संचाला किती दुर्मिळता आली हे २०१५च्या न्यूयॉर्क लिलावात दिसलं, ९३ लाख डॉलर.

रविवार: गेत्तो

सान्ता लुचिया स्थानकातून डावीकडे, गुल्ये पूल ओलांडून लगेच डावीकडे कालव्याच्या काठाने. बुटक्या कमानीखालच्या दगडी चौकटीत जुन्या दारांच्या बिजागरीच्या खोबणी दिसतात. सेनेटचा ठराव २९ मार्च १५१६चा: रात्री दारं बंद, पहारेकऱ्यांचा खर्च ज्यूंनीच द्यायचा. १७९७मध्ये नेपोलियनच्या फौजेने दारं तोडली. जागा वाढवता येईना म्हणून घरं सात-आठ मजले चढली, छत मात्र बुटकं. सिनेगॉग पाच आहेत आणि बाहेरून ओळखू येत नाहीत. वरच्या मजल्यावर सलग पाच कमानदार खिडक्या दिसल्या की ते सिनेगॉग. आत मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं, फोटो काढू देत नाहीत. दुरुस्तीचं काम चालू असल्याने कोणती उघडी आहेत ते आदल्या दिवशी पाहावं. सकाळची पहिली फेरी घ्यावी, दुपारी गर्दीत काही ऐकू येत नाही. २०२४पासून काही दिवशी एका दिवसाच्या पाहुण्यांना शहरप्रवेशाचं शुल्क आहे, तेही तपासून घ्यावं.

१५५३नंतर दहाएक वर्षांनी व्हेनिसची हिब्रू छपाई परत सुरू झाली, तल्मूद वगळून आणि सेन्सॉरखाली. सेन्सॉर बहुधा धर्मांतरित ज्यूच. ओळीवर शाई फिरवून शेवटच्या पानावर सही आणि तारीख टाकायचा. आज यातल्या पुष्कळ प्रतींत ती शाई फिकी पडून खालचा मजकूर वाचता येतो. काही ठिकाणी मात्र तिने कागदच खाल्ला आहे, ओळीच्या जागी चिरा उरल्या आहेत. अशा प्रतीचं पान उलटताना खाली तळहाताचा आधार द्यावा.

१५६५मध्ये ब्रागादीनच्याच छापखान्यातून योसेफ कारोचा ‘शुल्हान आरुख’ पहिल्यांदा बाहेर पडला. गालिलातल्या सफेद या गावी बसून लिहिलेला हा आचारग्रंथ स्पेनकडच्या रिवाजांवर उभा होता. पोलंड-जर्मनीचे रिवाज त्यात घातले ते क्राकूवच्या त्याच इसर्लेस यांनी, आपल्या टिपांमधून. कडधान्य वल्हांडणात चालतं की नाही, यासारखे दोन परंपरांमधले फरक आजही या दोघांच्या मजकुरातून वाचले जातात.

१६०९च्या व्हेनिस ‘हगादा’ची आवृत्ती पाहिली की मराठी वाचकाला घरची आठवण येईल. वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायचं हे पुस्तक. हिब्रू मजकुराबरोबर अनुवाद छापला तो तीन वेगवेगळ्या आवृत्त्यांत: इटालियन, लादिनो (ज्यूंची स्पॅनिश) आणि यिडिश (ज्यूंची जर्मन), तिन्ही हिब्रू लिपीत. गेत्तोतली तीन घराणी, तीन घरभाषा. मात्झा, म्हणजे बेखमीर भाकरी, भाजणाऱ्या बायका आणि पुरुष यांची चित्रं त्यात आहेत. मुंबईत १८४६मध्ये बेने इस्राएलांसाठी ‘हगादा’ निघाली ती याच गरजेतून, हिब्रूसमोर मराठी, शिळाछापावर. १८७४च्या पुण्याच्या सचित्र आवृत्तीत मात्झा करणाऱ्या बायका आहेत, त्या मात्र लुगड्यात.

दुपारी वेळ उरला तर वापोरेत्तोने लिडोच्या जुन्या स्मशानात जावं, तेही आधी ठरवूनच. जमीन १३८६मध्ये मिळालेली. रब्बी लेओन मोदेना इथे आहेत, १५७१ ते १६४८: उपदेशक, मुद्रितशोधक, आणि तितकेच नादिष्ट जुगारी. तल्मूद नसलेल्या व्हेनिसमध्ये त्यांची सगळी विद्वत्ता घडली. तल्मूद परत छापला गेला तो बाझेलला, १५७८ ते १५८१, कापाकापी करून आणि मूर्तिपूजेवरचा ‘अवोदा झारा’ खंड पूर्ण वगळून. पुढे पोलंड, अॅमस्टरडॅम, आणि १८८०च्या दशकात व्हिल्ना इथे रोम्म या मुद्रक घराण्याची आवृत्ती, जिची छायाप्रत आज सगळीकडे वापरतात. पत्रांक सगळीकडे बोंबेर्गचेच. रब्बी मेईर शापिरो यांनी रोज एक दाफ वाचण्याची पद्धत सप्टेंबर १९२३मध्ये सुरू केली, तीही त्याच पत्रांवर चालते. फेरी २,७११ दिवसांची. चालू असलेली चौदावी फेरी ५ जानेवारी २०२०ला सुरू झाली, ती ७ जून २०२७ला संपेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘बेराखोत’, पत्र दोन.